टू-डी इकोच्या रिपोर्टवर ज्याचं नाव असतं, तो डॉपलर खरंतर ताऱ्यांचे रंग शोधत होता

जिना चढताना धाप लागायला लागते, छातीत उगाच धडधडतं, किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनआधी फिटनेस हवा असतो. डॉक्टर चिठ्ठीवर दोन शब्द खरडतात, टू-डी इको. आपण सेंटर शोधत जातो, तर बाहेर बोर्ड असतो, ‘टू-डी इको व कलर डॉपलर’. आत गेल्यावर डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला गार जेल लावतात, प्रोब बरगड्यांच्या मधल्या फटीत दाबतात आणि स्क्रीनवर हृदय उघडझाप करताना दिसायला लागतं. मध्येच मशीनमधून सूं-सूं असा आवाज येतो, काळ्या-पांढऱ्या चित्रात लाल-निळे रंग पेटतात. ते आवाज आणि ते रंग म्हणजे डॉपलर.

डॉपलर हे मशीन बनवणाऱ्या कंपनीचं नाव असावं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो माणूस होता. ऑस्ट्रियातला गणिताचा मास्तर. १८५३ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी वारला. हृदय हा त्याचा विषयच नव्हता. त्याला आकाशातल्या ताऱ्यांचे रंग वेगवेगळे का दिसतात हे सांगायचं होतं, आणि गंमत म्हणजे ते त्याने चुकीचं सांगितलं.

पण ते सांगताना त्याने जे सूत्र मांडलं, ते मात्र बरोबर होतं. आज कुणाची झडप किती आकसली आहे हे छाती न उघडता कळतं, त्यात या सूत्राचा मोठा हात आहे.

तर हा डॉपलर कोण होता?

दगडफोड्यांच्या घरातलं अशक्त पोरगं

ख्रिश्चन डॉपलर. जन्म २९ नोव्हेंबर १८०३, गाव साल्झबुर्ग. हेच मोझार्टचंही गाव, आणि मोझार्टचं कुटुंब ज्या चौकात राहायचं त्याच चौकात डॉपलरचं घर. घरचा धंदा दगड घडवण्याचा, तोही पिढ्यान्‌पिढ्यांचा. धंद्यात चांगला जम बसलेला होता, त्यामुळे मुलगा मोठा होऊन छिन्नी-हातोडा घेणार हे ठरलेलंच होतं.

पण पोरगं लहानपणापासून नाजूक प्रकृतीचं. दगडाचं काम त्याला झेपणारं नव्हतं. मग वडिलांनी विचार केला की याला निदान शिकवावं तरी. साल्झबुर्गमध्ये सिमोन श्टाम्फर नावाचे गणिताचे प्राध्यापक होते, त्यांचा सल्ला घेतला. श्टाम्फरनी मुलाची चुणूक ओळखली आणि त्याला व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकला पाठवायला सांगितलं.

१८२२ मध्ये डॉपलर व्हिएन्नाला गेला. तिथलं शिक्षण झालं, पुढे विद्यापीठात उच्च गणित, यंत्रशास्त्र आणि खगोलशास्त्र शिकला. १८२९ मध्ये एका प्राध्यापकाच्या हाताखाली सहायकाची नोकरी मिळाली. ही नोकरी चार वर्षांची, कंत्राटी. चार वर्षं संपली आणि डॉपलर बेकार झाला.

इथून पुढची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही सीएचबीवर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला नवीन वाटणार नाही. तिशीचा माणूस, हातात पदव्या, नावावर शोधनिबंध, आणि अर्जामागून अर्ज. एक जागा निघायची आणि तिच्यासाठी परीक्षा, मुलाखती, मग महिनोन्‌महिने निकालाची वाट. पोटासाठी त्याने एका सूतगिरणीत हिशेबनिसाची नोकरी धरली आणि दीड वर्ष दुसऱ्याच्या वह्या लिहिल्या.

१८३५ मध्ये तो पुरता वैतागला. अमेरिकेला निघून जायचं ठरवलं. होतं नव्हतं ते सामान विकलं आणि म्युनिकला जाऊन अमेरिकेच्या वकिलातीत भेटून आला. निघण्याची तयारी चालू असतानाच प्रागच्या एका माध्यमिक शाळेतून नेमणुकीचं पत्र आलं. अंकगणित, बीजगणित, भूमिती शिकवायची. शाळेतली नोकरी का होईना, पण नोकरी. डॉपलर प्रागला गेला. पुढच्या वर्षी साल्झबुर्गमधल्या एका सोनाराच्या मुलीशी, माथिल्डे श्टुर्मशी, त्याचं लग्न झालं. त्यांना पाच मुलं झाली.

१८४१ मध्ये तो प्रागच्या पॉलिटेक्निकमध्ये पूर्ण प्राध्यापक झाला. पद मोठं, पण कामाचा रगाडाही मोठा. शेकडो विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा एकट्याने घ्यायच्या, त्याही दिवसच्या दिवस. प्रकृती आधीच तोळामासा, त्यात छातीचा आजार. अशा दिवसांत त्याने तो निबंध लिहिला.

पाच-सहा श्रोते आणि एक चुकलेलं उदाहरण

२५ मे १८४२. प्रागच्या रॉयल बोहेमियन सोसायटीची बैठक. डॉपलर उभा राहिला तेव्हा समोर जेमतेम पाच-सहा माणसं होती. निबंधाचा विषय होता जोडताऱ्यांचा आणि आकाशातल्या इतर काही ताऱ्यांचा रंगीत प्रकाश.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. प्रकाश असो की आवाज, ती लाट आहे. लाटा पाठवणारी वस्तू तुमच्याकडे येत असेल, तर त्याच वेळात तुमच्यापर्यंत जास्त लाटा पोहोचतात. लांब जात असेल, तर कमी पोहोचतात. त्याने उदाहरण जहाजाचं दिलं होतं. लाटांना सामोरं जाणाऱ्या जहाजावर जास्त लाटा आदळतात, लाटांबरोबर जाणाऱ्यावर कमी.

आपल्याला हे रोज ऐकू येतं. स्टेशनवर उभे असताना न थांबणारी फास्ट लोकल हॉर्न वाजवत जाते. समोर येईपर्यंत हॉर्नचा सूर चढा असतो, आपल्याला ओलांडून गेली की त्याच क्षणी सूर खाली पडतो. मोटरमनने हॉर्न बदललेला नसतो. गाडी येत होती ती जायला लागली, एवढंच झालेलं असतं. आणि सूर किती बदलला हे मोजलं, तर गाडीचा वेग काढता येतो. डॉपलरचं सूत्र ते हेच.

आता त्याने यावरून ताऱ्यांबद्दल काय काढलं? तो म्हणाला, तारे मुळात सगळे पांढरेच असतात. आपल्याकडे येणारे निळसर-जांभळे दिसतात, लांब जाणारे तांबूस दिसतात. जोडतारे एकमेकांभोवती फिरतात, एक येतो तेव्हा दुसरा जातो, म्हणून त्यांच्या जोडीत दोन वेगळे रंग दिसतात.

कल्पना सुंदर आहे, पण चूक आहे. ताऱ्याचा रंग ठरतो तो मुख्यतः त्याच्या तापमानावरून. ताऱ्यांचा वेग प्रकाशाच्या वेगापुढे इतका किरकोळ असतो की त्याने डोळ्यांना दिसेल असा रंग बदलत नाही. डॉपलरने या वेगाचा अंदाज फार चढा धरला होता. शिवाय निबंधात त्याचा स्वतःचा एकही प्रयोग नव्हता. नुसतं गणित.

त्याची परीक्षा घ्यायला पुढे आला तो बाइस-बॅलट नावाचा एक तरुण डच शास्त्रज्ञ. त्याला ही कल्पना खोटी पाडायची होती. युरोपात तेव्हा रेल्वे नवीनच आली होती आणि माणसाने तयार केलेली एवढ्या वेगाने धावणारी दुसरी गोष्ट नव्हती. त्याने उट्रेख्टजवळ इंजिन मिळवलं, डब्यावर कर्णा वाजवणारे चढवले आणि रुळाच्या कडेला पक्क्या कानाचे संगीतकार उभे केले. काम असं की गाडीवरच्यांनी एकच सूर धरून ठेवायचा आणि खालच्यांनी तो येताना-जाताना कितीने बदलतो ते सांगायचं.

फेब्रुवारी १८४५ मध्ये पहिला प्रयत्न झाला, पण बर्फ आणि थंडीने तो वाया गेला. जूनमध्ये पुन्हा केला. सूर बदलला, तोही गणिताने सांगितला होता साधारण तेवढाच. बाइस-बॅलटने प्रामाणिकपणे निकाल छापला. आवाजाबाबत डॉपलर बरोबर, ताऱ्यांच्या रंगांबाबत चूक. खोटं पाडायला निघालेल्या माणसाने अर्धं खरं करून दिलं.

भर सभेत उडवलेली टर

१८४७ मध्ये डॉपलर प्राग सोडून खाणकाम शिकवणाऱ्या शेम्निट्सच्या अकादमीत गेला. हे गाव आता स्लोव्हाकियात आहे. वर्षभरात तिथे क्रांतीची धामधूम सुरू झाली, आणि तो व्हिएन्नाला परतला. १८५० मध्ये बादशहाने त्याला व्हिएन्ना विद्यापीठाच्या नव्या भौतिकशास्त्र संस्थेचा पहिला संचालक नेमलं. सूतगिरणीच्या वह्या लिहिणाऱ्या माणसासाठी ही मोठीच गोष्ट होती. त्याच्या वर्गात तेव्हा एक तरुण पाद्री बसायचा, ग्रेगोर मेंडेल. वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल तो हाच.

पण सुख फार टिकलं नाही. व्हिएन्नातच योझेफ पेट्झवाल नावाचे दबदबा असलेले गणिती होते. फोटोग्राफीतली नावाजलेली पोर्ट्रेट लेन्स त्यांचीच. १८५२ मध्ये त्यांनी विज्ञान अकादमीसमोर डॉपलरवर तोफ डागली. त्यांचा सूर असा की एवढ्या तीन-चार ओळींच्या सोप्या समीकरणातून निसर्गाचा मोठा नियम निघूच शकत नाही. मोठं विज्ञान मोठ्या समीकरणांतूनच येतं. वाहत्या माध्यमातून आवाज गेला तरी त्याची कंपनसंख्या बदलत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा.

आता पेट्झवाल सांगत होते तेही त्यांच्या जागी खरं होतं. वारा वाहिला म्हणून उभ्या असलेल्या वादकाचा सूर उभ्या असलेल्या श्रोत्याला वेगळा ऐकू येत नाही. पण डॉपलर बोलत होता ते वादक किंवा श्रोता स्वतः हलत असेल तेव्हाचं. दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडत होते. वजन मात्र पेट्झवाल यांच्या नावाला जास्त होतं.

तोपर्यंत फुप्फुसांच्या रोगाने डॉपलरला पुरतं घेरलं होतं. नोव्हेंबर १८५२ मध्ये हवापालटासाठी तो व्हेनिसला गेला. हवा मानवली नाही. १७ मार्च १८५३ रोजी तो तिथेच वारला. सान मिकेले बेटावरच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

ताऱ्यांच्या बाबतीत त्याचं सूत्र पुढे कामी आलंच. संपूर्ण रंग बदलत नसला, तरी ताऱ्याच्या प्रकाशातल्या बारीक काळ्या रेषा किंचित सरकतात, आणि त्यावरून तारा येतोय की जातोय हे काढता येतं. पण त्याचं नाव आपल्या गल्लीतल्या सेंटरच्या बोर्डावर आलं, ते शंभर वर्षांनी आणि भलत्याच वाटेने.

जहाजं तपासायचं यंत्र माणसाच्या छातीवर

ही वाट स्वीडनपासून सुरू होते. लुंड शहरातले हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर यांच्यापुढे एक अडचण होती. हृदयात चार कप्पे. वरच्या दोन कर्णिका, खालच्या दोन जवनिका. डाव्या बाजूच्या कर्णिका आणि जवनिका यांच्यामधली झडप म्हणजे मायट्रल. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, तो संधिवाताचा ताप या झडपेला चिकटवून टाकतो. झडप नीट उघडत नाही, मागे रक्त तुंबतं, माणसाला धाप लागते. आपल्याकडे हा आजार अजूनही आहे. त्या काळात या झडपेवर ऑपरेशनं नुकतीच सुरू झाली होती. पण झडप आकसलीय की गळतेय, हे आधी कसं कळणार? दोन्हींची लक्षणं सारखी, ऑपरेशन मात्र एकालाच उपयोगी. निदान चुकलं तर पेशंट टेबलवरच जायचा.

एडलरनी कार्ल हेल्मुट हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं. मालमोच्या जहाज कारखान्यात धातूमधल्या भेगा शोधायला अल्ट्रासाउंडचं यंत्र वापरत. ऐकू न येणारा आवाज धातूत सोडायचा, प्रतिध्वनी कुठून परत येतो ते बघायचं. हर्ट्झने ते यंत्र स्वतःच्या छातीला लावून पाहिलं, आणि पडद्यावर काहीतरी हलताना दिसलं. मग सीमेन्स कंपनीकडून एक यंत्र उसनं आणलं आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी धडधडत्या हृदयाच्या प्रतिध्वनीचा आलेख पहिल्यांदा नोंदवला गेला. इको म्हणजे प्रतिध्वनी. टेस्टचं नाव तिथून आलं. (हा हर्ट्झ म्हणजे ज्यांच्या नावाने कंपनसंख्या मोजतात त्या हाइनरिश हर्ट्झ यांच्याच घराण्यातला, त्यांच्या पुतण्याचा मुलगा.)

पण यात भिंती आणि झडपा हलताना कळायच्या. रक्त कुठून कुठे आणि किती जोरात जातंय, ते कळत नव्हतं. इथे डॉपलर आला.

जपानमध्ये ओसाका विद्यापीठात शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात हृदयावर अल्ट्रासाउंड सोडून परत येणाऱ्या आवाजाची कंपनसंख्या किती बदलते ते मोजायला सुरुवात केली. गाडीच्या जागी आता रक्तातल्या तांबड्या पेशी. प्रोब आवाज सोडतो, तो पळत्या पेशींवर आपटून परत येतो. पेशी प्रोबकडे येत असतील तर सूर चढलेला, लांब जात असतील तर उतरलेला.

आणि इथे निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. प्रोबचा आवाज सेकंदाला २५ लाख कंपनांचा असेल, तर तो आपल्याला ऐकू येणं शक्य नाही. पण रक्त सेकंदाला १ मीटरने धावत असेल, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या आवाजातला फरक निघतो सुमारे ३,२०० कंपनांचा. तो आपल्या कानाच्या टप्प्यात बसतो. मशीन हा फरकच स्पीकरवर वाजवतं. टेस्ट चालू असताना ऐकू येणारा सूं-सूं आवाज रक्ताचा नाही. तो डॉपलरच्या समीकरणाचं उत्तर आहे, आवाजाच्या रूपात.

वेगावरून दाब

वेग कळून काय होतं? पाइपचं तोंड बोटाने दाबलं की पाणी लांब उडतं, हे अंगणात पाणी मारताना सगळ्यांनी केलेलं आहे. वाट अरुंद झाली की धार जोरात जाते. हृदयाचंही तेच. डाव्या जवनिकेतून महाधमनीत जाणारं रक्त एरवी साधारण सेकंदाला १ ते दीड मीटर वेगाने जातं. मध्ये एओर्टिक झडप असते. म्हातारपणी तिच्यावर चुना साचून ती आकसली, तर तेवढंच रक्त बारीक फटीतून ढकलावं लागतं आणि वेग ४ मीटरच्या वर जातो.

१९७० च्या दशकात नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी, ओस्लोमध्ये यार्ले होलेन यांनी आणि ट्रॉन्डहाइममध्ये लिव्ह हाटले व ब्यॉर्न आंगेलसेन यांनी, वेगावरून दाब काढायची रीत बसवली. रीत शाळेतल्या गणिताइतकी सोपी. वेगाचा वर्ग करा, चारने गुणा. वेग ४ असेल तर ४ चोक १६, गुणिले ४, म्हणजे ६४. झडपेच्या अलीकडे-पलीकडे ६४ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाचा फरक. म्हणजे हृदयाला प्रत्येक ठोक्याला तेवढा जादा जोर लावावा लागतोय. ४ मीटर हा आकडा डॉक्टरांच्या लेखी धोक्याची खूण आहे. तिथून पुढे झडप बदलण्याचा विषय निघतो.

यापूर्वी हा दाब मोजायचा तर जांघेतून किंवा हातातून नळी थेट हृदयात घालावी लागायची. आता जेल आणि प्रोब. उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडप थोडी गळत असेल, तर त्या गळतीच्या वेगावरून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताचा दाबही याच रीतीने काढतात. पेट्झवाल यांना तीन-चार ओळींचं समीकरण फारच सोपं वाटलं होतं. हे तर एका ओळीचं आहे.

अर्थात एक अट आहे. प्रोब रक्ताच्या धारेच्या सरळ रेषेत हवा. तिरका धरला तर वेग कमी दिसतो, ६० अंशांनी तिरका असेल तर थेट अर्धाच. आकसलेली झडप मग बरी वाटू शकते. म्हणून टेस्ट करणारे डॉक्टर कधी बरगड्यांत, कधी बेंबीच्या वर, कधी गळ्याच्या खळगीत प्रोब लावून बघतात. आपल्याला वाटतं उगाच वेळ काढतायत. ते खरा आकडा चुकू नये म्हणून धडपडत असतात.

हृदय आवळतं कसं, यापेक्षा ते सैल कसं पडतं हे बघायलाही डॉपलरच लागतो. मायट्रल झडपेतून रक्त खाली उतरतं ते दोन हप्त्यांत. आधी जवनिका सैल पडते आणि रक्त आपोआप आत ओढलं जातं. आलेखावर हा पहिला उंच डोंगर. मग शेवटी कर्णिका आवळते आणि उरलेलं ढकलते. हा दुसरा, बुटका डोंगर. वय वाढलं, बीपी जुनं झालं, की जवनिका ताठर होते. पहिला डोंगर खचतो, दुसरा वर येतो. पन्नाशी-साठीच्या कित्येकांच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन’ असं लिहून येतं आणि घरात घबराट उडते, ते बहुतेक वेळा हे असतं. सांगायचं ते डॉक्टरांनी सांगावं, पण ही ओळ म्हणजे अॅटॅक येऊन गेला असा अर्थ नाही. तसंच ‘ट्रिव्हियल टीआर’. ट्रायकस्पिड झडपेतून किंचित गळती धडधाकट माणसांतही सर्रास सापडते.

रिपोर्टवरचा ईएफचा टक्का मात्र डॉपलरचा नव्हे. जवनिका दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती रक्त बाहेर फेकते, ते त्यात असतं, आणि ते सहसा काळ्या-पांढऱ्या चित्रावरूनच काढतात.

लाल म्हणजे शुद्ध रक्त नव्हे

राहिले रंग. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी संशोधकांनी हा वेग चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यावर, हृदय धडधडत असतानाच, रंगात दाखवायची युक्ती काढली. झाला कलर डॉपलर.

इथे बहुतेकांची फसगत होते, आणि त्याला शाळेचं पुस्तक जबाबदार आहे. पुस्तकातल्या हृदयाच्या आकृतीत शुद्ध रक्त लाल, अशुद्ध रक्त निळं. त्यामुळे बाजूला उभ्या असलेल्या नातेवाइकांना स्क्रीनवर निळा रंग दिसला की वाटतं, अशुद्ध रक्त मिसळतंय. तसं काही नसतं. इथे लाल म्हणजे प्रोबकडे येणारं रक्त, निळं म्हणजे लांब जाणारं. डाव्या जवनिकेत शिरताना लाल दिसणारं तेच रक्त बाहेर पडताना निळं दिसतं. झडप गळत असेल, तर जिथे एका रंगाचा शांत पट्टा हवा तिथे पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची कारंजी उडते, कारण रक्त तिथे भोवऱ्यासारखं घुसळत असतं.

म्हणजे बघा, एक वस्तू येतेय की जातेय हे तिच्या रंगावरून ओळखता येईल, असं डॉपलर १८४२ मध्ये म्हणाला होता. ताऱ्यांच्या बाबतीत ते जमलं नाही. हृदयात ते रोज हजारो स्क्रीनवर दिसतं, फक्त हे रंग खरे नसतात, मशीनने भरलेले असतात. तेही नेमके उलटे. डॉपलरच्या हिशेबात लांब जाणारा तारा तांबडा, खगोलशास्त्रज्ञ आजही लांब जाणाऱ्या दीर्घिकांच्या प्रकाशाला तांबडीकडे सरकलेला म्हणतात. इकोमध्ये मात्र तांबडं ते जवळ येणारं.

तेही कायमचं नाही. मशीनवर एक बटण असतं, दाबलं की लाल-निळ्याची अदलाबदल होते. त्यामुळे स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी उभी रंगपट्टी कायम असते, आणि टेस्ट करणारे डॉक्टर आधी त्या पट्टीत वरचा रंग कुठला आहे ते बघतात, मग हृदयाकडे वळतात.